छातीतलं पाणी

डॉक्टरांनी माझा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. उजव्या बाजूला खाली सगळं पांढरं दिसत होतं. मग म्हणाले, "प्लुरल इफ्यूजन. टीबीचं आहे." मला त्यातलं काही कळलं नाही. तेव्हा त्यांनी आईकडे वळून सोप्या भाषेत सांगितलं, "बाई, मुलाच्या छातीत पाणी झालंय."

या सोप्या वाक्यानं पुढे माझे जे हाल केले, ते आजारानंही केले नाहीत. ज्यांच्या घरात असा आजार आला असेल, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

फुफ्फुसाभोवती दोन पातळ पडदे असतात. टीबीमुळे त्यांच्यामध्ये पाणी साठतं आणि फुफ्फुसाला फुलायला जागा उरत नाही. हे मला मागाहून कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं, की आपलं पळणं संपलं.

आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. मी बावीस वर्षांचा होतो. वडील हरसूलकडच्या एका गावात कोतवाल. तलाठ्याचे कागद वाडीवाडीवर पोचवणं हे त्यांचं काम. त्यांचे गुडघे धरले तेव्हापासून ते मी करायला लागलो, आणि चालायचा कंटाळा म्हणून पळत करायला लागलो. पुढे नाशकात एका शाळेत शिपाई म्हणून चिकटलो. तिथल्या पीटीच्या सरांनी मला जिल्ह्याच्या शर्यतीत उतरवलं. अनवाणी पळून पहिला आलो, तेव्हा बक्षिसात बूट मिळाले, तेही एक नंबर लहान. राज्याच्या शर्यतीसाठी निवड झाली आणि त्याच महिन्यात पळताना उजव्या कुशीत टोचायला लागलं. कोरडा खोकला यायचा, संध्याकाळी अंगात कसर असायची. तीन आठवडे मी ते कुणाला सांगितलं नाही. हा माझा पहिला मूर्खपणा.

सरकारी दवाखान्यात दाखल केल्यावर दुसऱ्या दिवशी टॅपिंग झालं. टॅपिंग म्हणजे पाठीतून सुई घालून पाणी काढणं. उसाच्या रसासारखं पिवळट पाणी बाटलीत पडताना आईनं पाहिलं. कॉटवर परत आलो, तर तिनं खालचा तांब्या उचलून पिशवीत घातला.

"आई, तहान लागलीय."

"डाक्टर काय म्हनला? छातीत पानी झालंय. मंग वरून आनखी वतायचं का?"

मी सातवी पास होतो, पण खरं सांगतो, मलाही ते पटलं. पाणी साठलंय तर पाणी कमी करायचं, याच्याइतकं सरळ दुसरं काय असणार? सकाळी एक फुलपात्र आणि संध्याकाळी एक, असं ठरलं.

एप्रिलचा उन्हाळा होता. वॉर्डाच्या टोकाला एक नळ गळायचा. दुपारभर मी तो आवाज ऐकत पडायचो. थुंकी गिळली तरी वाटायचं, ही पण छातीतच जाते की काय. दर थोड्या वेळानं उजवा हात छातीवर ठेवून श्वास कुठवर पोचतो ते बघायचो. रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन असायचं. शेजारची कॉट दोनदा रिकामी झाली. माणूस घरी गेला की दुसरीकडे, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

आठ दिवसांनी दुसरं टॅपिंग झालं आणि पाणी पहिल्यापेक्षा निम्मंच निघालं. औषध लागू पडत होतं. आई मात्र हरखून म्हणाली, "बघ, आटलं का नाय?" त्या दिवसापासून दोनाचं एकच फुलपात्र झालं.

मग ओठ फुटले. उठलो की डोळ्यांपुढे अंधारी यायची. लघवी काळ्या चहासारखी व्हायला लागली. कानात रातकिडे ओरडायला लागले. मी मनाशी पक्कं केलं, की आता दिवस भरले. आईला हे सांगितलं नाही, आणि ती रडत असेल तर तिनंही मला दाखवलं नाही.

राउंडला डॉक्टरांनी जीभ बघितली. हाताच्या मागच्या बाजूची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. "दिवसाला किती पाणी पिता?"

मी आईकडे पाहिलं. आई अभिमानानं म्हणाली, "एक फुलपात्र, सायेब. लय जपून देते."

डॉक्टर स्टूल ओढून बसले. मला वाटलं, आता तिला फाडून खाणार. ते हळूच म्हणाले, "बाई, छातीतलं पाणी आजाराचं आहे, माठातलं नाही. प्यायलेलं तिथे जात नाही. उलट या इंजेक्शनांवर पाणी कमी पडलं तर मूत्रपिंडं बिघडतात, कानही जातात." मग म्हणाले, "आम्हीच म्हणतो पाणी. चूक तुमची नाही."

आईनं पिशवीतून तांब्या काढला, नळावरून भरून आणला आणि माझ्या तोंडाला लावला. मी घटाघटा पीत होतो तेव्हा ती भिंतीकडे बघत होती. "लेकराला तहानलेलं ठेवलं म्या," एवढंच म्हणाली.

कान वाचले. आयुष्याची दोरी बळकट. गोळ्या दीड वर्ष चालल्या. शेवटच्या एक्स-रेत उजवा कोपरा थोडा जाड राहिला. त्याला प्लुरल थिकनिंग म्हणतात, म्हणजे पडद्यावरचा भरलेला व्रण. "पळता येईल?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "चालायला लागा. पुढचं तुमची छाती सांगेल."

गंगापूर रस्त्यानं आधी चाललो, मग पळालो. प्रत्येक खोकल्याला रुमाल उघडून बघत पळालो. वर्षं गेली, अंतरं वाढली, राज्याच्या शर्यती झाल्या. पण एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. पळताना मी पाणी पीत नसे. डॉक्टरांचं म्हणणं कळत होतं, वळत नव्हतं. घोट घेतला की उजवीकडे भरून आल्यासारखं व्हायचं. कोरड्यानं पळणारा म्हणून लोक माझं कौतुक करायचे, आणि मी ते करू द्यायचो.

पुढे नाशकातच मॅरेथॉन भरली. तिसाव्या किलोमीटरला मी दुसरा होतो आणि कुशीत टोचलं. तीच जागा. पुन्हा तो वॉर्ड, ती बाटली, शेजारची रिकामी कॉट. आता थांबावं आणि घरी जावं, असं वाटलं.

पुढच्या वळणावर आई उभी होती, पदर खोचून, दोन्ही हातांत तोच तांब्या धरून. माझं गुपित तिला ठाऊक होतं. नाशकातल्या आमच्या खोलीबाहेरच्या नळाजवळ बसून तिनं मला किती वर्षं घरी कोरडा परतताना पाहिलं असेल.

"किसना, पी."

"आई, शर्यत चाललीय."

"चालूंदे. तवा म्या दिलं नाय. आता माझ्यासमूर पी."

मी थांबलो. तांब्या रिकामा होईस्तोवर थांबलो. मागचा पळणारा पुढे निघून गेला, आईनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती माझ्या गळ्याकडे बघत होती, घोट उतरतोय का ते. उतरला. छातीत काही साठलं नाही.

दुसरा होतो, तिसरा आलो. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. डॉक्टरांचा एखादा शब्द कळला नाही तर लाजू नका, पुन्हा विचारा. कळल्यासारखा वाटला तरी विचारा.