आत्याचा दुपारचा खेळ

परवा टीव्हीवर एक जुना विनोदी सिनेमा लागला आणि गंगाखेडचं पत्र्याचं थिएटर आठवलं. दुपारचा खेळ, तापलेलं छत, भाजक्या शेंगांचा वास. मी कॉलेजात होते. शेजारी माझी विधवा आत्या, पन्नाशीची, शाळेत बाई.

पडद्यावर साठीतला नायक मिशा रंगवून शेजारणीला चिठ्ठी द्यायला भिंतीवर चढत होता. सगळं थिएटर हसत होतं. मागून कुणी ओरडलं, "म्हाताऱ्याला चळ लागलाय!"

हसता हसता आत्या थांबली. "सुमे, तुला बी असंच वाटतं का गं?"

"कशाबद्दल?"

"आमच्या शाळेतल्या गुरुजींनी मला लग्नाचं विचारलंय. मी हो म्हणणार हाय."

लोक काय म्हणतील, एवढंच माझ्या मनात आलं. मी नजर पडद्याकडे वळवली. तिनं सोललेल्या शेंगा माझ्या हातावर ठेवल्या आणि उरलेला सिनेमा खळखळून हसत पाहिला.

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या वडिलांना स्वतःच सांगितलं. ते दोन महिने तिच्याशी बोलले नाहीत. तरी बुद्धविहारात तिचं लग्न झालं.

आज मी तिच्या तेव्हाच्या वयाची आहे. तिला माझी परवानगी नको होती; आनंदात सोबत हवी होती. ती सोबत मी दिली नाही, आणि तरीही आत्या हसत लग्नाला उभी राहिली.