नारिंगी जाकिटातले साडभाऊ

आमच्या साडभाऊंइतका उत्साही माणूस देवाने दुसरा घडवला नसावा, आणि घडवला असेलच तर त्या दोघांना एका तालुक्यात न ठेवण्याचा शहाणपणाही त्यानेच दाखवला असावा. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान नेरला कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतल्या कापसाची चिमूट दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची आणि धाग्याची लांबी सांगायची, हे काम त्यांनी तीस-पस्तीस वर्षं केलं. निवृत्त झाले तरी बोटं काही निवृत्त झाली नाहीत. लग्नात गेले की नवरदेवाचा शेला चिमटून पाहतील, दवाखान्यात गेले की डॉक्टरचा कोट. सात वर्षांपूर्वी त्यांच्या हैदराबादच्या मुलीने आम्हा चौघांना मुंबईहून सुटणाऱ्या दहा दिवसांच्या क्रूझवर पाठवलं, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी स्वागताला उभ्या असलेल्या गोऱ्या कप्तानाशी हात मिळवताना यांनी त्याची बाही चिमटीत धरली आणि माझ्याकडे वळून हळहळले, "पॉलिस्टर हाय भाऊ! एवढा मोठा माणूस अन् पॉलिस्टर!" कप्तानाला काय वाटलं कोण जाणे, त्याने खुशीने मान डोलावली.

मला सांगायचं आहे ते तिसऱ्या दिवसाबद्दल. त्या दिवशी जहाज कुठल्याच बंदराला लागणार नव्हतं. इतर प्रवासी अशा दिवशी उशिरापर्यंत झोपतात. साडभाऊंनी मात्र पहाटे पाच वाजता माझ्या केबिनचं दार बडवलं. "उठा भाऊ! आज काहीच नाही! कुठी थांबनं नाही, कुठी उतरनं नाही. असा दिवस कवा भेटला होता तुमाले?" मला ओढत वर नेलं तर डेकवर चिटपाखरू नव्हतं, तरीही यांनी चार खुर्च्यांवर दोन दुपट्टे, एक टोपी आणि एक चप्पल टाकून जागा धरून ठेवलेली. यष्टीच्या खिडकीतून दुपट्टा टाकायची पन्नास वर्षांची सवय, ती समुद्रावर कशी सुटणार? पाणी इतकं शांत होतं की सोयाबीन काढून वखरलेलं वावर वाटावं. "वा रे सपाटी!" म्हणत ते कठड्यापाशी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत होते, आणि दिसेल त्याला विचारत होते, "रामराम! कोणतं गाव?" एका गोऱ्या म्हातारीने हसत काहीतरी लांबलचक सांगितलं. ते मन लावून ऐकून साडभाऊ मला म्हणाले, "थंडीकडचं हाय."

अकराच्या सुमारास मी केबिनमध्ये येऊन आडवा झालो. बायको न्हाणीत होती, तिची बहीण, म्हणजे माझी साळी, तिच्या केबिनमध्ये फोनवर मुलीशी बोलत होती. मला डुलकी लागली, आणि अचानक एवढा मोठा भोंगा झाला की पलंग थरथरला. पहिल्या दिवशी धोक्याच्या भोंग्याबद्दल जे शिकवलं होतं त्यातलं मला फक्त 'भोंगा' आणि 'जाकीट' एवढंच आठवलं. मी कपाटातलं नारिंगी जाकीट अंगात चढवलं, पट्टे कचाकच आवळले आणि पळत सुटलो. न्हाणीच्या दारावर थाप मारली नाही. हाक मारली नाही. केबिनचं दार माझ्यामागे धाडकन लागलं, ते मला ऐकू आलं होतं.

वर सगळे निवांत. साडभाऊ खुर्चीतून उठत होते. "काहून पयून राह्यले भाऊ? बाराचा भोंगा हाय! जिनिंगच्या कारखान्यात व्हायचा तसा. जेवाची सुट्टी झाली!" मग त्यांनी माझ्या अंगाकडे पाहिलं, माझ्यामागे पाहिलं, आणि विचारलं, "ताई कुठी हायेत?"

मी जिन्याकडे पाहिलं. त्यांनी एका क्षणात माझे पट्टे सोडले, जाकीट स्वतःच्या अंगात घातलं आणि पुटपुटले, "ताईचा भरोसा हाय तुमच्यावर. माह्यं काय, मले तं लोक हासतेच." एवढ्यात बायको आली. केस ओले, पदर कसाबसा खोचलेला, चेहरा पांढराफटक. "कुठी गेलते तुमी? मी केवढी भेली!"

"ताई, मीच भेलो ना! बोंबा मारल्या, म्हणून भाऊ पयत आले."

बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तेवढा अभिमान लग्नाच्या दिवशीही तिच्या डोळ्यांत नव्हता. साडभाऊ मग चहाच्या वेळेपर्यंत त्या जाकिटातच वावरले. त्यातच जेवले, लोकांबरोबर फोटो काढले, आणि मध्येच ते चिमटून पाहून जाहीर केलं, "आत कापूस नाही, कायतरी थर्माकोल भरला हाय."

यवतमाळला परतल्यावर मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. पण मी हा किस्सा सांगत सुटलो. लग्नात सांगितला, बारशात सांगितला, एका तेरवीतही सांगितला. दर वेळी त्यात भर घातली: साडभाऊ खांबाला मिठी मारून बसले, होडी मागू लागले. ज्यांच्या ग्रेडवर कधी कुणी बोट ठेवलं नव्हतं, त्यांना नेरच्या बाजारात पोरंटोरं 'जाकीटवाले' म्हणू लागली. ते समोर बसलेले असायचे, आणि सगळ्यांत मोठ्याने तेच हसायचे.

गेल्या महिन्यात मनाचा हिय्या करून नेरला गेलो. साडभाऊ आता फार थकले आहेत, नावं विसरतात. दोघी बहिणींसमोर मी एका दमात सांगून टाकलं, "त्या दिवशी घाबरलो होतो तो मी. हिला सोडून पळालो होतो."

साडभाऊंनी माझा हात हातात घेतला. अंगठा माझ्या शर्टाच्या बाहीवर हळूहळू फिरत होता. "भाऊ, एवढ्या वर्षांनी माही लाज झाकाले सोताच्या अंगावर घेऊन राह्यले? ताई, पाहा, कसा मानूस भेटला तुमाले!"

ते खरंच विसरले होते, की पुन्हा एकदा माझ्यासाठी बोलले, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. बायको मात्र डोळे पुसत होती, आणि पुन्हा त्याच अभिमानाने माझ्याकडे पाहत होती. तोंडी सांगितलेलं आता ती मानणार नव्हती.

म्हणून हे लिहून काढलं. छापून आलं की ती दुपारी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचेल. मी शेजारीच बसून राहणार आहे.