शेवटच्या दोन ओव्हरचा माणूस

समस्त क्रिकेटप्रेमींना कळविण्यात अत्यंत गांभीर्य वाटते की, मस्कतमधील आमच्या कंपनीच्या संघाच्या मानफलकावर एक नाव लावावे की लावू नये, या प्रश्नावर पाच शहाण्या माणसांनी एक अख्खी संध्याकाळ घाम गाळला. त्यातला सर्वांत शहाणा, म्हणजे अध्यक्ष, मी होतो. काय दिवे लावले ते शेवटी सांगतो.

ज्याच्या नावावरून हे सगळं झालं त्याला आम्ही खलासभाऊ म्हणायचो. मूळचा कुडाळकडचा. कंपनीत एसी दुरुस्तीचा टेक्निशियन. नऊ वर्षं आमच्या संघात खेळला, पण मॅच सुरू होताना त्याला मैदानावर कुणी पाहिलं नाही. शुक्रवारी आम्हाला सुट्टी आणि त्याला इमर्जन्सी ड्युटी. गल्फमध्ये एसी बरोबर सुट्टीच्या दिवशी मरतो. त्यामुळे आम्ही दहा जण मैदानात भाजत असायचो, आणि दोन-तीन ओव्हर उरल्या की रस्त्यावर धुळीचा लोट दिसायचा. कंपनीची पिकअप थांबायची आणि ग्रीस लागलेल्या ओव्हरऑलमधला हा माणूस उतरायचा. आमचा कप्तान गजभिये चेंडू त्याच्या हातात द्यायचा. हा टोपी काढायचा, म्हणायचा, "यल्ला, चला, खलास करून टाकू." उशिरा येणाऱ्याने लगेच गोलंदाजी करू नये असा नियम होता म्हणे. पण पंचांच्या घरचा एसीही तोच दुरुस्त करायचा.

आमचं मैदान म्हणजे अल खौदच्या पुढचा खडीचा माळ. मधे सिमेंटची पट्टी, तिच्यावर खिळ्यांनी ताणलेली काथ्याची मॅट. मॅच संपली की सगळे पाण्याकडे धावायचे आणि मॅट गुंडाळून पिकअपमध्ये टाकायचं काम खलासभाऊकडे यायचं, कारण "तू आत्ताच तर आलायस."

त्याच्या चेंडूत वेग नव्हता, वळण नव्हतं. सकाळपासून आठ-दहा छपरं चढून आलेल्या माणसाचा चेंडू त्याच्यासारखाच दमलेला असायचा. फलंदाज बॅट फिरवून मोकळा व्हायचा आणि चेंडू नंतर सावकाश पोचायचा. एकदा शेवटच्या ओव्हरमध्ये समोरच्यांना चार धावा हव्या होत्या. त्याने दोन दिल्या. "कसं जमतं रे तुला?" मी विचारलं. म्हणाला, "साहेब, त्याला घाई असते. मला कसलीच नसते. कुणी खुर्ची दिली तर मी तिथेच झोपेन."

एकच हौस होती त्याला. शनिवारच्या पेपरात आमच्या लीगचं चार ओळींचं वृत्त यायचं. ते कात्रण तो बायकोला गावी पाठवायचा. त्यात धावा काढणारे असायचे, विकेट घेणारे असायचे. दोन ओव्हरमध्ये पाच धावा देणारा कधीच नसायचा. एकदा तिचं पत्र त्याने मला हसत हसत वाचून दाखवलं: "तुमी खराच खेळतास, काय नुसती मॅट उचलतास?" हसणं संपल्यावर पत्र घडी करून परत खिशात ठेवताना मात्र तो माझ्याकडे बघत नव्हता.

म्हणून गजभियेने त्याचं नाव मानफलकासाठी सुचवलं. हजार धावा किंवा शंभर विकेट अशी अट होती. खलासभाऊच्या विकेट होत्या एकतीस. सभा माझ्या अल खुवैरच्या फ्लॅटवर भरली, आणि पहिल्याच मिनिटाला एसी बंद पडला. जून महिना. फोन करून कुणाला बोलावलं असेल, सांगायला नकोच.

तो येईपर्यंत सेक्रेटरी साठे तापला होता. "आम्ही पस्तीस ओव्हर उन्हात करपायचं, आणि हा दोन टाकून फलकावर?"

"त्या दोन तू टाकून दाखव ना बे साठ्या!" गजभिये म्हणाला. "मागच्या वेळी तुला शेवटची दिली, तर बॉल पलीकडच्या वादीच्या कोरड्या पात्रात शोधत होतो आपण!"

वरच्या मजल्यावरचा अमेरिकन इंजिनिअर आमचा आवाज ऐकून डोकावला होता. त्याने विषय समजून घेतला आणि एकदम खूश झाला. बेसबॉलमध्ये म्हणे असेच असतात. पहिला पिचर, म्हणजे तिकडचा गोलंदाज, दमला की शेवटचा तुकडा सांभाळायला येणारे रिलीफ पिचर. त्यांना हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे तिकडच्या मानफलकावर, जागा द्यावी की नाही यावर तिकडे घराघरांत भांडणं. "मग ठरलं काय?" मी विचारलं. "काही आत गेले," तो म्हणाला, "भांडण चालूच आहे."

एवढ्यात खलासभाऊ आला आणि स्टुलावर चढला. तो भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, "चालू द्या तुमचं. कंप्रेसरच्या आवाजात मला काही ऐकू येत नाही."

कंप्रेसर तर बंद होता.

हात वर झाले. दोन बाजूने, दोन विरुद्ध. राहिलो मी. साठे ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा, रोज त्याचं तोंड बघायचं होतं. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "पुढच्या शुक्रवारी ठरवू."

खलासभाऊने शेवटचा स्क्रू पिळला. "साहेब, खोली गार व्हायला वेळ लागेल," एवढंच म्हणाला आणि गेला.

पुढच्या शुक्रवारी दोन ओव्हर उरल्या तेव्हा सगळे सवयीने रस्त्याकडे बघायला लागले. साठेसुद्धा. धूळ उडाली नाही. त्याचा व्हिसा कॅन्सल झाला होता, बुधवारीच तो घरी गेला होता. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. आम्ही मॅच हरलो, मॅट आम्हीच गुंडाळली, आणि तिथेच उभ्या उभ्या पाचही हात वर गेले.

नाव लागलं. मी फलकाचा फोटो काढला, पाकिटात घातला, आणि आज टाकतो उद्या टाकतो करत ते पाकीट चार वर्षं माझ्या ड्रॉवरमध्ये राहिलं. शेवटी सुट्टीत स्वतःच घेऊन कुडाळला गेलो. ओटीवर त्याच्या फोटोला हार होता. तो जाऊन आठ महिने झाले होते. शेवटच्या क्षणी का होईना, पोचायचं, हे काम तो दर शुक्रवारी करायचा. मला एकदा जमलं नाही.

मी पाकीट वहिनींच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला. फोटोतल्या फलकावर वरून खाली बोट फिरवत फिरवत त्या अगदी शेवटच्या नावावर आल्या, थांबल्या, भिंतीवरच्या फोटोकडे वळल्या आणि एकदम ओरडल्या, "अगो बाय! म्हणजे ह्ये खराच खेळत होते!"