लडकूची दृष्ट

भागूबाईच्या हातावर कोंबडीची पिल्लं जगतात, हे भिवपुरीच्या आसपासच्या वाड्यांमध्ये सगळ्यांना ठाऊक. दुसऱ्यांकडे बसवलेली कोंबडी निम्मी अंडी वाया घालवते. भागूबाईकडे तसं करायची कोंबडीची छाती होत नाही. बाई साठीच्या पुढेमागे, अंगाने काटक, तोंडाने फटकळ. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. जमिनीचा एक तुकडा, दारातल्या कोंबड्या आणि मुलगा मनोज, एवढा तिचा संसार. मनोज खोपोलीला एका कारखान्यात मशीनवर होता. तिशी उलटली तरी लग्नाचं मनावर घेत नव्हता. मनावर घेतला होता तो मोबाईलमधला एक गेम.

गेम असा, की रानात फिरून चित्रविचित्र प्राणी पकडायचे, त्यांना खाऊ घालायचं, दुसऱ्यांच्या प्राण्यांशी झुंजवायचं. फोन अंगावर ठेवून जितकं चालावं तितकी प्राण्याची लेव्हल वाढणार. कंपनीने मनोजला दोन महिने गुजरातेत नव्या मशीनवर पाठवायचं ठरवलं, तेव्हा पोराचा चेहरा असा पडला की भागूबाईला वाटलं नोकरीच गेली. मग कळलं, की तिथं दिवसभर एका जागी उभं राहायचं, आणि प्राणी उपाशी मरायचे.

"आये, तू नायतरी दिवसभर फिरतेसच," मनोजने गेमचा जुना फोन तिच्या हातात ठेवला. "कमरेला लाव. भूक लागली की ते वरडतात, तवा इथं दाबायचं. झुंज आली की इथं. बाकी तुला काय करायचं नाय."

"पिल्लंच सांभाळायची ना?" भागूबाई म्हणाली. "मग मला काय शिकवतोस रं."

आणि खरंच तिला काही शिकवावं लागलं नाही. प्राण्यांची इंग्रजी नावं जिभेला वळेनात म्हणून तिने आपली नावं ठेवली. फोन बटव्यात घालून ती शेतावर जाई, कर्जतच्या बाजारात अंडी विकायला जाई, आणि गिऱ्हाइकाशी घासाघीस करता करता मध्येच बटव्याचं तोंड उघडून आत कुणाला तरी दम देई. बाजारातल्या बायकांनी सुरुवातीला एकमेकींकडे पाहिलं, मग सवय करून घेतली.

तिची पहिली लाडकी होती बायजा. ओंजळीत मावेल असं निळं पाखरू, डोळे पाणीदार. एका सकाळी शेजारची चंद्राबाई ओट्यावर वाल सोलायला येऊन बसली आणि फोनमध्ये डोकावली.

"अगो बाय, कसलं ग्वाड हाय गं," चंद्राबाई म्हणाली. "असं पाखरू जलमात बघितलं नाय."

चंद्राबाईची पाठ वळते न वळते तोच बायजा थरथरायला लागली. अंग पांढरंफटक पडलं, आजूबाजूला उजेड झाला, वाजंत्री वाजली. उजेड ओसरला तेव्हा पाखराच्या जागी एक चौकोनी धूड उभं होतं. पोटाला गोल काचेची खिडकी, आणि वर चोच. कर्जतच्या दुकानात कपडे धुवायचं मशीन असतं, अगदी तसं. भागूबाईने फोन आपटून पाहिला, बंद करून पुन्हा चालू करून पाहिला. मशीन जागचं हललं नाही. पुढे त्याच आठवड्यात एका गोगलगायीला कॉलर आणि मिशी फुटून ती बँकेतल्या साहेबासारखी दिसायला लागली. तिसऱ्या एका प्राण्याचं तर काहीच झालं नाही, नुसत्या भुवया आल्या आणि रंग उतरला. एवढ्यासाठी वाजंत्री कशाला लावली, हे काही तिला उमगेना.

पण प्राण्यांचं असं का होतंय, ते तिला लगेच उमगलं. चंद्राबाईने कौतुक केलं आणि बायजाचं मशीन झालं. गोगलगाय भागूबाईनेच हौसेने पोस्टमनला दाखवली होती. म्हणजे दृष्ट. पिल्लाची कोंबडी होते, हे भागूबाईने जन्मभर पाहिलं होतं. पिल्लाचं मशीन होतं ते नजर लागल्यावरच, यात शंका घ्यायला जागाच नव्हती. मनोजला मात्र तिने यातलं अवाक्षर कळवलं नाही. परमुलखात पोटासाठी गेलेल्या पोराला घरच्या दुखण्याची बातमी द्यायची नसते, एवढं तिला कळत होतं.

आता उरला लडकू. बेडकाचं तोंड, मांजराची शेपटी, आणि डोक्यावर पळसाच्या पानासारखं एक पान. चालताना ते पान डोळ्यांवर यायचं, मग लडकू थांबायचा, गाल फुगवून खालून फुंकर मारायचा आणि पान मागे पडलं की पुन्हा चालू लागायचा. या फुंकरीवर भागूबाईचा जीव जडला. नवरा असाच घामाचे केस फुंकरीने उडवायचा, हे तिने कुणाला सांगितलं नाही, पण लडकूने फुंकर मारली की ती हातातलं काम थांबवायची. बायजा गेल्यावर तिने त्याच्याबाबत कडक धोरण धरलं. फोनच्या काचेवर कोपऱ्यात काजळाची तीट लावली. चंद्राबाई दिसली की बटवा पदराआड जाऊ लागला.

तरी व्हायचं ते झालंच. सोळाव्या लेव्हलला लडकू थरथरला, पांढरा पडला, वाजंत्री सुरू झाली. भागूबाई चुलीपाशीच होती. तिने डाव्या हातात फोन घट्ट धरला, उजव्या मुठीत मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या घेतल्या आणि फोनवरून मूठ ओवाळू लागली. आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, शेजारणीची. शेजारणीची तिने दोनदा म्हटलं. मूठ चुलीत टाकली, आणि फोनमधली वाजंत्री मध्येच थांबली. उजेड गेला. लडकू होता तसाच होता. पान डोळ्यांवर आलं होतं, त्याने फुंकर मारली. चुलीत एवढ्या मिरच्या पडून घरात ठसका नाही, म्हणजे दृष्ट किती जबर होती पाहा. भागूबाई खाली बसली आणि डोळ्यांना पदर लावला.

त्यानंतर दर लेव्हलला लडकू आजारी पडायचा आणि दर वेळी मिठा-मोहऱ्यांनी बरा व्हायचा. भागूबाई बाजाराला निघाली की कनवटीला मिरच्यांची पुडी असायचीच. संध्याकाळी मनोजचा फोन आला की त्याचा पहिला प्रश्न लडकूचा.

"लेव्हल किती झाली?"

आकडे तिला वाचता येत. "चाळीस."

"म्हणजे चांगला मोठा झाला असंल."

"झालाय की. अंगानं भरलाय," ती म्हणायची.

मग एके दिवशी मनोजने सांगितलं, की तो येतोय त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, शिळफाट्याच्या मोबाईलच्या दुकानात या गेमची स्पर्धा आहे आणि त्याने नाव दिलंय. "कारखान्यात सगळ्यांना सांगितलंय मी. लडकूवरच भिस्त हाय, आये."

मनोज कधी कुणापुढे फुशारकी मारणारा नव्हता. मीटिंगला मागच्या बाकावर बसणारं पोर ते. पहिल्यांदा त्याने चार माणसांत मान वर करून काही सांगितलं होतं, आणि ते तिच्या जिवावर, हे भागूबाईला कळलं. तिने मिरच्या वाढवल्या.

शनिवारी मनोज घरी आला. पाय धुवायच्या आधी त्याने फोन मागितला. पाहिलं, काच पुसली, काजळ बोटाला लागलं, पुन्हा पाहिलं.

"आये, हा अजून बारकाच हाय."

"मग? कसा पायजे होता?"

"अगं, सोळाला ह्याचं रूप बदलतं. छत्तीसला परत बदलतं, मोठा योद्धा होतो. हा बावन्नला पोचलाय नि..." मनोज मटकन ओट्यावर बसला.

तेव्हा भागूबाईने त्याला सगळं दुखणं सांगितलं, पहिल्या थरथरीपासून. मनोज ऐकत गेला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. मग त्याने फोन डाव्या हातात धरला आणि दाखवलं, की असा धरला तर अंगठा बरोबर या खालच्या कोपऱ्यावर येतो, आणि तिथलं बटण म्हणजे वाढ थांबवायचं बटण. दृष्ट नव्हती. मिठाने काही झालं नव्हतं. अंगठ्याने झालं होतं.

भागूबाईने अंगठ्याकडे पाहिलं. "मीठ ओवाळताना फोन धरला नसता, तर तिथं अंगठा गेला असता काय?"

मनोजने काजळाचं बोट शर्टाला पुसलं.

"आता काय करायचं ते सांग," ती म्हणाली, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज बारीक झाला. "तुझं हसं होईल काय, माझ्यामुळं?"

"पुढची लेव्हल आली की परत थरथरंल," मनोज म्हणाला. "तवा हात नको लावूस. होऊ दे त्याला."

त्या संध्याकाळी तिने कोंबड्या डालून झाल्यावर लडकूला दोनदा जास्तीचं खायला घातलं, पाहुणा निघायच्या आधी घालतात तसं.

रविवारी मोटरसायकलवर मनोजच्या मागे भागूबाई, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर बटवा. कनवटीला पुडी होती, पण ती सवयीने. शिळफाट्याच्या दुकानापुढे मांडव घातला होता, खुर्च्या होत्या, मोठ्या पडद्यावर झुंजी दिसत होत्या. पहिलीच झुंज मनोजच्याच खात्यातल्या विकासशी. विकासचा प्राणी तीन डोकी असलेला, त्यातली दोन झोपलेली. पडद्यावर समोर लडकू आला आणि मांडवात हशा पिकला.

"मनोज, ह्याला दूध पाजून आणलास काय रं?" विकासने विचारलं.

मनोजचे कान लाल झाले. भागूबाईने खुर्चीतून उठून विकासकडे असं पाहिलं, की तो खाली मान घालून फोनकडे बघू लागला. झुंज लागली तशी झोपलेली डोकीही जागी झाली. तीन डोक्यांच्या प्राण्याला कुठल्या डोक्याने चावायचं तेच ठरवता येईना. लडकू पायांतून पळाला, पान डोळ्यांवर आलं तेव्हा भर झुंजीत थांबून फुंकर मारली, आणि मागून असा डाव टाकला की तीनही डोकी झोपली. गेममध्ये लहान राहणारे प्राणी काही डाव लवकर शिकतात, हे मनोजला तिथं आठवलं. मांडव आधी गप्प झाला, मग फुंकरीवर बोलू लागला. माणसं पुढे आली. एकाने फोटो काढला. "कसला ग्वाड हाय," असं चार ठिकाणांहून ऐकू आलं आणि भागूबाईचा हात कनवटीकडे गेला.

स्पर्धेला नावं चारच आली होती, म्हणून पुढची झुंज शेवटची. समोर खोपोलीच्या कॉलेजातली विनिता, दोन वर्षांत कुणाला न हरलेली. तिचा प्राणी पडद्यावर आला. माणसाएवढा उंच, छातीला लोखंडी पत्रा, दंडावर काटे, चेहऱ्यावर सगळ्या जगावर रागावल्याचा भाव.

"ह्यो कोन?" भागूबाईने विचारलं.

मनोज म्हणाला, "ह्योच. लडकू. मोठा झालेला."

भागूबाईने नीट पाहिलं. पान शोधलं. पानाचा लोखंडी टोप झाला होता, डोक्यात खिळे मारून बसवल्यासारखा. तो आता डोळ्यांवर यायचा नव्हता आणि फुंकर मारायची कुणाला गरज उरली नव्हती. तिला रडू आलं, पण चार माणसांत तिने ते गिळलं.

आणि तेवढ्यात मनोजच्या हातातला लडकू थरथरायला लागला. जिंकल्यामुळे लेव्हल वाढली होती. पांढरा उजेड, वाजंत्री, सगळं मोठ्या पडद्यावर.

"होऊ दे, होऊ दे," मांडव ओरडायला लागला. विकाससुद्धा. झाला तर जोडीस जोड, नाही तर पुढच्या मिनिटाला हार, हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं.

मनोजने मागे वळून आईकडे पाहिलं. भागूबाईने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते, पुडीला हात लागू नये म्हणून, आणि नजर जमिनीवर लावली होती. जन्मभर ज्या बाईने प्रत्येक गोष्टीवर मत दिलं ती गप्प उभी होती, आणि तेच मनोजला सोसेना. त्याने फोन उजव्या हातातून डाव्या हातात घेतला. अंगठा कोपऱ्यावर आला.

वाजंत्री थांबली. मांडवातून "अरे" असा एक लांब आवाज उठला.

लडकू हरला. फार वेळही लागला नाही. लोखंडाचा एक गुद्दा बसला आणि तो पान पसरून आडवा झाला. विनिताला बक्षीस मिळालं, मनोजला टाळ्या मिळाल्या. दुकानातून निघताना विनिताने लडकूला जवळून बघायला मागितलं आणि बराच वेळ फोन परत दिला नाही. "माझा पण असाच होता," ती म्हणाली. "मी बघत बसले नि झाला."

घराशी गाडी थांबली तेव्हा भागूबाई म्हणाली, "हरवलं मी तुला."

मनोजने गाडी स्टँडला लावली, फोन काढला, काच शर्टाला पुसली. लडकू उठून बसला होता. पान डोळ्यांवर आलं, त्याने फुंकर मारली. मायलेक दोघंही ते होईपर्यंत थांबले.

"आये," मनोज म्हणाला, "चुलीत इस्तव हाय काय?"

"कशाला रं?"

"सगळं शिळफाटा बघत होतं त्याच्याकडं. फोटो काढत होते. दृष्ट काढून टाक एकदा."

भागूबाईने त्याच्याकडे पाहिलं. मग कनवटीची पुडी काढली, ओट्यावर पाट मांडला आणि फोन त्याच्या मांडीवर ठेवायला सांगितलं.

"तू बी बस नीट," ती म्हणाली. "दोघांची एकदम काढते."