कच्चं आधी दाखवा

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात पहिल्या मजल्यावर, झेरॉक्सच्या खोलीला लागून एक अरुंद खोली आहे. दारावर 'संशोधन साहाय्य' अशी पाटी. आत एक टेबल, एक संगणक, दोन खुर्च्या आणि ताई. ताई माझ्याहून वयाने लहान, पण सगळे ताई म्हणतात म्हणून मीही म्हणतो. मी खाली देवघेवीच्या काउंटरवर बसतो. पुस्तक द्यायचं, पुस्तक घ्यायचं, उशीर करणाऱ्याला चार शब्द सुनवायचे, एवढंच माझं काम. डबा मात्र आम्ही दोघं तिच्या खोलीत खातो, कारण साऱ्या इमारतीत खिडकी धड उघडते अशी ती एकच खोली.

ग्रंथालयात काय, नुसतं बसायचं, असं लोकांना वाटतं. माझ्या मेहुण्यालाही वाटतं. त्याला एकदा ताईच्या शेजारी दिवसभर बसवायला हवं. कुणाला दुसऱ्या विद्यापीठातला जुना प्रबंध मागवून हवा असतो. कुणाची संदर्भसूची काही केल्या लागत नाही. कुणाला मार्गदर्शकांनी 'आधीचं संशोधन बघून घ्या' एवढं सांगून वाऱ्यावर सोडलेलं असतं. मोठे प्राध्यापक फोन करून सांगतात, "ते हो, मागे तुम्ही दिलं होतं, निळ्या मुखपृष्ठाचं," आणि ताईने त्यावरून ओळखायचं. या सगळ्यात तिचा मोबाइल वाजतो. घरून सासरे. त्यांना हल्ली काही लक्षात राहत नाही. "हो बाबा, ऑफिसात आहे. डबा टेबलावर ठेवलाय. नाही बाबा, आज रविवार नाही." थोड्या वेळाने पुन्हा तेच. नवरा परगावी नोकरीला. शनिवारी येतो आणि झोपतो, असं तीच सांगते, हसत नाही.

खरं जोखमीचं काम प्रबंध तपासणीचं. प्रबंध दाखल करण्याआधी त्यातला किती मजकूर दुसरीकडून घेतलाय ते एक सॉफ्टवेअर पाहतं आणि टक्के सांगतं. दहाच्या आत आलात तर सुटलात. वर गेलात तर अहवाल परस्पर संशोधन कचेरीत जातो आणि सहा महिने थांबावं लागतं. आता या सॉफ्टवेअरला चोर आणि वेंधळा यांतला फरक कळत नाही. अवतरणचिन्हं द्यायची राहिली, संदर्भसूची वेगळी काढली नाही, स्वतःचाच छापून आलेला लेख जसाच्या तसा घातला, की आकडा भसाभस वर जातो. सरळ नाकासमोर चालणारी माणसं यात अडकतात. चोरांना बरोबर पळवाटा ठाऊक असतात.

म्हणून ताईने एक पद्धत पाडली होती. "कच्चं आधी दाखवा," असं ती प्रत्येकाला बजावायची. अधिकृत तपासणीच्या आधी ती मसुदा घालून बघायची आणि कुठे काय सावरायचं ते शेजारी बसवून दाखवायची. नियमात हे बसत नव्हतं. आधीच्या ग्रंथपालांनी कानाडोळा केला आणि नव्यांना कुणी सांगितलं नाही. कच्च्या तपासणीला पथ्य एकच. मजकूर सॉफ्टवेअरला साठवू द्यायचा नाही, दर वेळी 'साठवू नये' या चौकटीत खूण करायची. ती करायची राहिली तर मसुदा कायमचा त्याच्या पोटात जातो. मग तोच प्रबंध पक्का होऊन आला की ते म्हणतं, हा मजकूर माझ्याकडे आधीपासून आहे, उचललेला दिसतो.

सिस्टर आमच्याकडे यायला लागल्या त्याला बरीच वर्षं झाली. मोठ्या इस्पितळात त्या परिचारिका. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या पाठीला जखमा होतात, त्या कशा टाळायच्या हा त्यांचा विषय. रात्रपाळी संपवून थेट यायच्या. वाचनकक्षात बसल्या बसल्या डोळा लागायचा. मी एरवी झोपणाऱ्यांना उठवतो, त्यांना कधी उठवलं नाही. परिचारिका महाविद्यालयात शिकवायची जागा त्यांना मिळणार होती, पण प्रबंध दाखल झाला तरच. मुदतवाढ घेऊन झाली होती, आता शेवटचा शुक्रवार होता. तो चुकला की नोंदणी रद्द, पहिल्यापासून सुरुवात.

"मला डॉक्टर-बिक्टर काही व्हायचं नाही हो," त्या एकदा ताईला म्हणाल्या. "मला रात्री झोपायचंय. बस्स."

ताई म्हणाली, "मलाही." दोघी हसल्या.

त्यांचा कच्चा प्रबंध ताईने उन्हाळ्यात पाहिला. त्या दिवशी मी डबा उघडून समोरच बसलो होतो. सासऱ्यांचा फोन सारखा वाजत होता. ते घरातून बाहेर पडले होते आणि परतायचा रस्ता सापडत नव्हता. ताई एका हाताने माउस चालवत होती, दुसऱ्या हातात फोन. "बाबा, समोर काय दिसतंय ते सांगा. औषधांचं दुकान? तिथेच थांबा." फाइल चढवली आणि ती तशीच धावत खाली गेली. दुसऱ्या दिवशी येऊन तिने सिस्टरना दुरुस्त्या समजावल्या. चौकटीतली खूण करायची राहिली, हे तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या तर बापालाही कळलं नसतं.

शेवटच्या आठवड्यात, बुधवारी, सिस्टर पक्की प्रत घेऊन आल्या. तपासणी झाली. ताईने खाली फोन करून मला वर बोलावलं. आवाज असा होता की समोरच्या रांगेला थांबवून मी गेलो.

पडद्यावर चौऱ्याण्णव टक्के.

सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या. "मी कुणाचं काही घेतलेलं नाही," त्या मला म्हणाल्या, जणू मीच विचारलं होतं. मग ताईकडे वळल्या. "तुम्ही माझा प्रबंध कुणाला दिलात का?"

ताईने पडदा त्यांच्याकडे वळवला. तिने अहवालातली एक ओळ दाखवली. मजकूर कुठून आला, तर याच विद्यापीठातून. तारीख उन्हाळ्यातली. "कुणाला दिला नाही, सिस्टर," ती म्हणाली. "तुमच्याच कच्च्या प्रबंधाशी जुळतोय. मी 'साठवू नये'च्या चौकटीत खूण करायला विसरले. माझ्याकडून झालं."

सिस्टर रडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "सहा वर्षं, ताई," आणि खाली बसल्या.

आम्ही तिघं ग्रंथपालांकडे गेलो. माणूस वाईट नाही, पण भांडणाचा वास आला की कागदाच्या मागे लपतो. त्यांनी सगळं ऐकलं. "असं करू," ते म्हणाले, "तांत्रिक कारणाने चुकीचा आकडा आला, असं लिहून देऊ. कुणाचं नाव नको."

मला पटलं. मी मान डोलावली. ताईने विचारलं, "तांत्रिक म्हटलं तर कचेरी काय करेल?"

"सॉफ्टवेअरच्या कंपनीकडे खुलासा मागेल."

"तो कधी येईल?"

ग्रंथपालांनी हात पसरले. महिना तरी, हे त्यांनाही ठाऊक होतं, आम्हालाही.

"मग माझं नाव घाला," ताई म्हणाली. "मी आधी तपासला, माझ्या चुकीने साठवला गेला. उचललेला नाही. याला कंपनीला विचारावं लागणार नाही."

"अहो, आधी तपासायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असं विचारतील. मग मलाही गप्प बसता येणार नाही. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय, सर. दोनच दिवस आहेत."

मी तिला बाहेर ओढून म्हटलं, "वेडी आहेस का? सगळं खापर आपल्याच डोक्यावर फोडून घ्यायचं?" ती म्हणाली, "दादा, चूक माझीच आहे ना? मग दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर फोडू?" तिचा राग आला, खरं सांगतो. एवढं सरळ वागणाऱ्या माणसाशेजारी डबा खाणं सोपं नसतं.

तिने लिहून दिलं. कचेरीने जुना मसुदा वगळून पुन्हा मोजलं, तर सहा टक्के भरले. शुक्रवारी कचेरी बंद होता होता सिस्टरचा प्रबंध दाखल झाला. त्या वर आल्या, ताईचा हात हातात घेतला आणि गेल्या. पुढे त्यांना ती जागा मिळाल्याचं मी बाहेरूनच ऐकलं. एक फोन नाही, काही नाही. मी धुसफुसलो तर ताई म्हणाली, "झोपू दे तिला, दादा."

आठवडाभरात परिपत्रक आलं. प्रबंधाची तपासणी एकदाच, अधिकृत. आधी कुणीही, कुणाचंही, कोणत्याही कारणाने तपासू नये. ताईला समज दिली, जागा मात्र तीच ठेवली, कारण ते काम करायला दुसरं कुणी तयार नव्हतं. वरून सॉफ्टवेअरमध्ये बदल करून घेतला. आता चौकटच नाही, जे घालाल ते साठणार आणि कचेरीत जाणार.

पुढच्या महिन्यात भूगोलातला एक तरुण अध्यापक पेनड्राइव्ह घेऊन आला. गावाबाहेरच्या कॉलेजात शिकवतो, दोन बस बदलून येतो. आम्ही जेवत होतो. "ताई, कच्चं बघून देता ना तुम्ही? आमच्याकडे सगळे सांगतात."

"आता नाही," ताई म्हणाली. "बंद झालं."

"नुसतं वरवर बघा हो. मी चहा पाजतो."

"नाही बघता येणार." तिने त्याला तोंडी सगळं सांगितलं, अवतरणं, संदर्भ, स्वतःचे लेख. तो मान हलवत होता. तोंडी सांगितलेलं किती डोक्यात राहतं ते मला काउंटरवर रोज दिसतं.

काही आठवड्यांनी त्याची अधिकृत तपासणी झाली. एकतीस टक्के. त्याचेच दोन छापील लेख एका प्रकरणात जसेच्या तसे होते, खाली उल्लेख नव्हता. ताईने त्याला शेजारी बसवून ती पानं दाखवली. अहवाल तोवर कचेरीत पोचला होता.

"हे आधी कळलं असतं तर?" त्याने विचारलं.

"दोन तळटीपा घालायच्या होत्या. आणि थोडं पुन्हा लिहायचं."

त्याने पेनड्राइव्ह खिशात घातला. मग म्हणाला, "मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो," ताई म्हणाली. "विचारलं होतंत."