लोवेल झील्केला पडलेलं एक मत

आमच्या गावचा लोवेल झील्के दहा हंगाम मोठ्या लीगमध्ये बेसबॉल खेळला. खेळला म्हणजे बहुतेक वेळ बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया चघळल्या. डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. सामना हातातून पुरता गेला की त्याला मैदानात धाडायचे, म्हणजे चांगल्या पिचरांचे हात उगाच दुखायला नकोत. खेळ सुटल्यावर तो विस्कॉन्सिनला परतला, एक टँकर घेतला आणि घराघरांतले सेप्टिक टँक उपसू लागला. "तिकडंही दुसऱ्यांनी केलेलं मीच निस्तरायचो," असं हसत सांगायचा.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्याचं नाव चक्क हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या दालनाच्या, मतपत्रिकेवर आलं. छाननी करणाऱ्यांना त्या साली नावं कमी पडली असणार. मत देतात ते बेसबॉलवर लिहिणारे पत्रकार. शंभरातल्या पंचाहत्तरांनी खूण केली तर खेळाडू अमर. पाचांनीही केली नाही तर कायमचा बाद. त्या काळी पत्रकाराचं मत जन्मभराचं असे, मग त्याला मैदानाचं तोंड पाहून कितीही वर्षं झालेली असोत. आडनावांच्या क्रमानं लावलेल्या यादीच्या तळाशी रॉस झीग्लर होता, ज्याच्या घरी बक्षिसांच्या ढाली ठेवायला भिंती पुरत नव्हत्या. आणि त्याच्याही खाली आमचा लोवेल.

जानेवारीत लोवेल गोठलेल्या तळ्याला भोक पाडून गळ टाकून बसला होता. त्याची बायको आर्लीन बर्फावरून धापा टाकत आली.

"अहो, निकाल लागला! तुम्हाला एक मत पडलं!"

"आर्लीन, थट्टा पुरे."

"देवाशपथ! रेडिओवर नाव घेतलं तुमचं. आणि तो झीग्लर एका मतानं हुकला!"

गळाला मासा लागला होता. तो गळासकट गेला, लोवेलला पत्ता नाही.

संध्याकाळी सगळं गाव माझ्या बारमध्ये जमलं. गॉर्डी टेश आधीच येऊन बसला होता. मिलवॉकीच्या पेपरातून निवृत्त होऊन इथं स्थायिक झालेला हा पत्रकार. मताचा अधिकार असलेला गावातला एकटाच.

"दुसरं कोण देणार?" गॉर्डी म्हणाला. "त्या डाव्या हाताची किंमत कळायला नजर लागते, बाबांनो!"

मग काय, गॉर्डीला ब्रँडी फुकट. ओतणारी मीच, दुसऱ्याला कशाला नावं ठेवू? लोवेलनं त्याचा सेप्टिक टँक विनामोबदला उपसून दिला. टँकरवर जातानासुद्धा लोवेल आता इस्त्रीचा शर्ट घालू लागला. गावच्या अध्यक्ष डोलोरेसबाईंनी वेशीवर लोवेलच्या नावाचा बोर्ड लावायचं ठरवलं.

आणि मग एका दुपारी लोवेलच्या घरचा फोन वाजला.

"झील्के का? मी ओटिस ब्रँडल. माफी मागायची होती. चष्मा सापडत नव्हता हो, झीग्लरवर करायची खूण एक ओळ खाली घसरली."

लोवेलनं विचारलं, "बेसबॉलवर लिहिता ना तुम्ही?"

"छे! ते सोडून जमाना झाला. आता बागकामाचं सदर लिहितो. पण मत आहे म्हटल्यावर वाया कशाला घालवायचं?"

"खरंय. सापडला का मग चष्मा?"

"हो, शेडमध्ये. खताच्या पोत्यावर."

शुक्रवारी तळलेला मासा खायला सगळे माझ्याकडे आले, तेव्हा लोवेल उभा राहिला आणि फोनवरचं सगळं जसंच्या तसं सांगून मोकळा झाला. एकूणएक माना गॉर्डीकडे वळल्या.

"मग तू कुणाला दिलंस रे?" मी विचारलं.

"कुणालाच नाही. कोरी पाठवली. हल्लीच्या खेळाडूंत अमर करण्याजोगं आहेच कोण?" गॉर्डीनं ग्लास जवळ ओढला. "पण लोवेल, दिलं असतं तर तुलाच दिलं असतं!"

आता कोरी मतपत्रिकाही मोजणीत धरतात, म्हणजे ती सगळ्यांच्याच विरोधात जाते. एकाचा चष्मा आणि एकाची ऐट, यांत झीग्लर आपटला होता.

"टँक फुकट उपसला मी तुझा," लोवेल म्हणाला.

"मित्र म्हणून उपसलास ना?"

"नाही. मतासाठी."

बार हसून लोटपोट झाला. लोवेल डोलोरेसबाईंकडे वळला. "बाई, तो बोर्ड तेवढा लावू नका."

"लावू नका म्हणजे? रंगवून झालाय. आणि चुकून पडलेलं मत धरायचं नाही म्हटलं, तर माझी खुर्ची जाईल! लोकांना माझ्या बहिणीला निवडायचं होतं."

बोर्ड लागला. लोवेल टँकर घेऊन लांबच्या रस्त्यानं जाऊ लागला.

पुढल्या वर्षी झीग्लर आरामात निवडून आला. लोवेलनं कुठून तरी त्याचा नंबर मिळवला आणि माझ्या बारमधूनच फोन लावला. झाला प्रकार सांगितला, अभिनंदन केलं, आणि मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, तुझ्या चेंडूंवर तीन होमरन मारलेत मी, थेट मैदानाबाहेर, तुझंच देणं लागतो."

"झालं?"

"त्यानंतर एकदा बाद केला होता मी त्याला. ते आठवत नाही त्याला." लोवेलनं स्टूल पुढं ओढलं. "मीही तो विषय नाही काढला. मासा आण गं, आणि बटाटे जरा कुरकुरीत."