गाडीत वाजलेला फोन

एवाल्ड क्येर यांना आमच्या गावात नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. डेन्मार्कमधल्या लिमफ्योर्ड खाडीच्या या पश्चिम टोकाला एकेचाळीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवलं. माझ्या गॅरेजात येणारे निम्मे लोक त्यांच्याच हाताखालून गेलेले. मीसुद्धा. माझी बायको लोने दोनदा नापास झाली होती. तिसऱ्या परीक्षेच्या सकाळी मास्तरांनी तिला चर्चमागच्या गल्लीत अर्धा तास नुसती गाडी मागे घ्यायला लावली आणि म्हणाले, "तू घाबरट नाहीस गं. तुला घाई आहे. हळू घे, रस्ता काही पळून जात नाही." ती पास झाली. त्यानंतर नाताळात त्यांच्याकडे केक न्यायचं तिने कधी चुकवलं नाही.

त्यांची बायको राग्नहिल्ड गेली, आणि त्यानंतर पाचव्या वर्षी डोळे गेले. म्हणजे पूर्ण गेले नाहीत. कडेकडेचं दिसायचं, मधलं दिसेनासं झालं. एका सकाळी ते गॅरेजात आले, गाडीच्या किल्ल्या माझ्या बाकावर ठेवल्या आणि म्हणाले, "कार्स्टन, ही विकून टाक."

"का हो मास्तर? चांगली चाललीय की."

"आत्ता वळणावर लाल कोटातली एक बाई दिसली. रस्ता ओलांडायला उभी होती. मी थांबलो, हाताने खूण केली, जा म्हणून. ती काही हलेना. मी पुन्हा खूण केली. पाच मिनिटं गेली. मागून पाववाला आला, काच खाली करून म्हणाला, मास्तर, ती टपालपेटी आहे."

मी हसलो. तेही हसले. मग म्हणाले, "उद्या बाई असेल आणि मला टपालपेटी वाटेल." परवाना त्यांनी स्वतःच परत पाठवला. कुणाला सांगायची वेळ येऊ दिली नाही.

मुलगी डोर्ते व्हिबोर्ग शहरात राहायची. शाळेच्या कार्यालयात नोकरी, नवरा स्टीन, दोन वाढत्या वयाच्या मुली. आधी ती महिन्यातून एकदा यायची, मग दर शनिवारी. त्या हिवाळ्यात मास्तर जिन्यात पडले, मनगट मोडलं, तेव्हा ती बिनपगारी रजा घेऊन बापाकडे राहायलाच आली. पालिकेची बाई घर बघून गेली, वृद्धाश्रमाचा विषय निघाला. मास्तर म्हणाले, "यादीत नाव लिहून ठेवा, पण आत्ता मला कुठे जायचं नाही." आई मरताना डोर्तेने तिला शब्द दिला होता, बाबांना एकटं टाकणार नाही म्हणून. त्यामुळे तीही पुढे काही बोलली नाही.

डोर्तेने माझ्याकडूनच एक जुनी गाडी घेतली. घ्यायला दोघंही आली होती. मी तिचा फोन गाडीच्या ब्लूटूथला जोडत होतो, तेवढ्यात मास्तर शेजारच्या सीटवरून म्हणाले, "माझाही जोड."

"बाबा, तुम्हाला कोण फोन करणार आहे?" डोर्ते म्हणाली.

"कोणी नाही केला तर मी करीन. माझा हात लुळा आहे, जीभ नाही."

मी दोन्ही फोन जोडले. गाडी चालू झाली की दोन्ही आपोआप लागायचे, कुठलाही वाजला तरी गाडीत एकच घंटा. पडद्यावर नाव यायचं, पण ते मास्तरांना वाचता येत नसे. फोन उचलायचं बटण त्यांना सापडावं म्हणून मी त्यावर जाड कापडाचा एक गोल ठिपका चिकटवला. त्यांनी बोट फिरवून पाहिलं आणि शिकाऊ पोराला द्यायचे तशी मला शाबासकी दिली. मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

फेब्रुवारीत एका मंगळवारी दोघं गॅरेजात आली. पुढचा एक दिवा गेला होता. डोर्ते पलीकडच्या दुकानात सामान आणायला गेली. ती दाराबाहेर पडताच मास्तर म्हणाले, "कार्स्टन, माझा फोन या गाडीतून काढ."

"बिघडलं काही?"

"नाही. फार छान चालतंय."

ते माझ्या स्टुलावर बसले आणि सकाळी काय झालं ते सांगितलं. डोर्तेने त्यांना गाडीत बसवलं, सीट गरम व्हावी म्हणून गाडी चालू केली आणि कुठलेसे कागद विसरले म्हणून ती घरात गेली. तिचा कोट दाराशीच खुंटीवर, फोन त्याच्या खिशात, गाडीला लागलेलाच. गाडीत घंटा वाजली. मास्तरांना वाटलं आपलाच फोन. त्यांनी ठिपका चाचपून दाबला. फोन स्टीनचा होता. डोर्तेसाठी.

"त्याने मला बोलायला वेळच दिला नाही," मास्तर म्हणाले. "सुरुवातच केली, डोर्ते, तू काही बोलू नकोस, ते जवळच असतील, नुसतं ऐक. मी त्याला तिथेच थांबवायला हवं होतं. पण पहिलं वाक्य ऐकलं आणि मला पुढचं ऐकायचं होतं."

स्टीन काही वाईट बोलला नव्हता. तो म्हणाला होता, आश्रमात सोमवारी एक खोली रिकामी झाली आहे, शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचं आहे, आणि तू बाबांना अजून विचारलंच नाहीस. शाळेने ईस्टरनंतर रजा वाढवायला नकार दिला आहे. धाकटी रात्री तुझ्या गाऊनमध्ये तोंड खुपसून झोपते. तू न्हाणीघरात नळ सोडून रडतेस, हे तूच मला सांगितलंस. मला तुझे बाबा आवडतात, पण मला माझी बायको परत हवी आहे.

"मग तो म्हणाला, ऐकतेस ना? मी म्हटलं, डोर्ते घरात आहे, स्टीन. मी ऐकतोय."

मी हातातला दिवा खाली ठेवला. "मग?"

"मग काय. मग तो रडायला लागला. पन्नाशीचा माणूस! मी म्हटलं, अरे, रडू नको, तू खरं तेच बोललास. फक्त मी ऐकलं हे तिला कधी सांगायचं नाही. त्याने शब्द दिला. तेवढ्यात ती बाहेर आली, मी फोन बंद केला. ती विचारते, बाबा, कुणाशी बोलत होता? म्हटलं, रेडिओशी भांडत होतो."

डोर्ते पिशव्या घेऊन येताना काचेतून दिसली. मास्तरांना ती दिसली नसणार, पण पावलं ओळखून ते घाईने म्हणाले, "शब्द दे, तूही तिला काही सांगणार नाहीस." मी दिला. "गुरुवारी ती दात दाखवायला जाणार आहे. मला आश्रमात घेऊन चल. खोली बघू दे." मग स्वतःच म्हणाले, "म्हणजे, तू बघ आणि मला सांग."

गुरुवारी मी त्यांना नेलं. दारात इंगर-लिसे भेटली, तिथली मुख्य. तीही त्यांचीच विद्यार्थिनी. "मास्तर! अजून मला गाडी लावता येत नाही हं," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. तुझ्या गाडीचं चाक फुटपाथवर आहे, ते या डोळ्यांनाही दिसलं."

खोली बरी होती. एक पलंग, एक कपाट, खिडकी रस्त्याकडे. आत उकडलेल्या बटाट्यांचा आणि तपकिरी रश्श्याचा वास. मास्तर खिडकीशी उभे राहिले, बाहेरून एक गाडी गेली. "तिसऱ्या गिअरमध्ये ओढतोय गाढव," ते म्हणाले. भिंतीवर आधीच्या माणसाच्या चित्राच्या चौकटीची फिकट खूण राहिली होती, तिच्यावरून त्यांचा हात फिरत होता. "ठीक आहे," ते म्हणाले. "हो म्हणून कळव, इंगर-लिसे."

परतताना मी विचारलं, "डोर्तेला काय सांगणार?"

"सांगीन की मला जायचंय."

"ती मानणार नाही. तिला वाटेल तुम्ही तिच्यासाठी करताय."

"म्हणून तर नीट सांगावं लागेल," ते म्हणाले.

नीट म्हणजे कसं, ते मला डोर्तेकडूनच कळलं. शनिवारी ती पेट्रोल भरून माझ्याकडे आली. डोळे सुजलेले. बाबांनी जेवताना ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, मला कंटाळा आलाय. तू दिवसभर मागे मागे फिरतेस, मला लहान मूल करून ठेवलंयस. तुझ्या आईला असं कधी सुचलं नसतं. तिथे पत्ते खेळायला माणसं आहेत, मला तिथे जायचंय.

"कार्स्टन, मी तीन महिने मुलींना सोडून इथे राहिले," ती म्हणाली, "आणि त्यांना माझा कंटाळा आला."

मला सगळं ठाऊक होतं. मी म्हटलं, "म्हातारी माणसं बोलतात तसं. मनावर घेऊ नकोस." आणि काच पुसून दिली.

ईस्टरच्या आधी मास्तर आश्रमात गेले. डोर्ते व्हिबोर्गला परतली. सुरुवातीला दर शनिवारी यायची, मग महिन्यातून एकदा, आणि आली तरी तासभर ताठ बसायची. काय हवं नको विचारायची, मागे मागे फिरायची नाही. मी रविवारी कॉफीला जायचो. पत्ते त्यांना दिसतच नव्हते. बाकीचे डाव खेळायचे, मास्तर शेजारी बसून ऐकायचे.

एकदा मी म्हटलं, "मास्तर, आता सांगून टाका तिला. ती घरी गेलीय, नोकरीवर आहे. आता सांगितलं तर काय बिघडणार?"

"ती मला परत घेऊन जाईल."

"मग जा की!"

"आणि पुन्हा नळ सोडून रडेल." त्यांनी कपातली कॉफी हलवली, साखर घेत नसत तरी. "शिकवताना माझ्या पायाखालीही ब्रेक असायचा ना? शिकणाऱ्याला कळू न देता हळूच दाबायचा. कळलं की त्याचा धीर जातो." जरा थांबून म्हणाले, "पण ती जवळ बसत नाही रे आता. पूर्वी हात धरायची."

दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत ते गेले. डोर्ते पोहोचली तेव्हा तासभर उशीर झाला होता.

अंत्यविधीनंतर चर्चशेजारच्या सभागृहात कॉफी होती. अर्ध्या गावाने त्यांच्याकडे परवाना मिळवलेला, जागा पुरेना. डोर्ते स्वयंपाकघरात एकटीच कप विसळत होती. मी रिकामा थाळा घेऊन आत गेलो. ती पाठमोरीच म्हणाली, "तुझ्याशी ते बोलायचे. एक सांग. मी इतकी वाईट होते का?"

मी शब्द दिलेला होता. शब्द घेणारा माणूस आत्ताच जमिनीत गेला होता. मी सगळं सांगितलं. मंगळवारची सकाळ, खुंटीवरचा कोट, स्टीनचं बोलणं, गुरुवार. पूर्वी हात धरायची, हे त्यांचं वाक्यही सांगितलं.

ती ओल्या हातांनी उभीच राहिली. मग विचारलं, "स्टीनला ठाऊक होतं? इतके दिवस?"

मी होकारार्थी मान हलवली.

तेवढ्यात स्टीनच आत आला, हातात कपांचा दुसरा ढीग घेऊन. त्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला कळलं. त्याने ढीग ठेवला आणि पुसायचं फडकं घेतलं. ती एकेक कप धुऊन त्याच्याकडे देत राहिली, तो पुसत राहिला. मी बाहेर आलो.

दोघं अजून एकत्रच आहेत. उन्हाळ्यात डोर्ते कबरीवर येते, पण माझ्या गॅरेजात थांबत नाही. लोने म्हणते, तू सांगायला नको होतंस, तिच्या वाटचं दुःख तू दुप्पट केलंस. असेल. पण आपल्या बापाला आपला कंटाळा आला होता, असं समजून तिने म्हातारं व्हावं, हे मला बघवलं नसतं.